आईच्या मेंदूचे साडेचार तास

अन्याय झाला तो माझ्या आईवर. नवरात्रातल्या सहाव्या माळेला, मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तिच्या मेंदूच्या उजव्या बाजूची रक्तवाहिनी गुठळीनं बंद झाली. अकरा वाजून बत्तीस मिनिटांनी एका डॉक्टरनं सांगितलं की आता उशीर झालाय. या दोन वेळांच्या मधे जे झालं, तो अन्याय. तो करणाऱ्यांत एक हॉस्पिटल आहे, माझे बाबा आहेत आणि मी आहे. वेळेच्या हिशेबानं मी पहिली, म्हणून माझ्यापासूनच सुरू करते.

आम्ही मीरा रोडला राहतो, बेव्हर्ली पार्कात, तिसऱ्या मजल्यावर वन बीएचकेमध्ये. आई ब्लाउज शिवायची. नवरात्र म्हणजे तिचा सीझन, कारण नऊ दिवसांचे नऊ रंग आणि ऑफिसला जाणाऱ्या प्रत्येक बाईला आयत्या वेळी आठवतं की या रंगाचा ब्लाउज आपल्याला होतच नाही. हॉलच्या एका कोपऱ्यात तिचं मशीन, दुसऱ्या कोपऱ्यात घट. आम्ही रत्नागिरीकडचे. गावचं घर बंद झालं तेव्हा घट इथे आले, आणि त्यांच्यासोबत त्यांचे नियमही आले. नऊ दिवस दिवा विझू द्यायचा नाही. नऊ दिवस घराला कुलूप लावायचं नाही. आणि ज्या बाईची पाळी चालू असेल तिनं त्या कोपऱ्याकडे फिरकायचं नाही.

मी एका छोट्या संघटनेसाठी पत्रकं लिहिते. फुटपाथ, पाणी, स्टेशनवरची बायकांची मुतारी. पाळी आणि विटाळ यावरही माझं एक पत्रक आहे, ते दोनदा छापावं लागलं होतं. त्या मंगळवारी माझ्या पाळीचा दुसरा दिवस होता आणि मी किचनच्या दारात उभी राहून चहा पीत होते, कारण आईनं हॉलमध्ये येऊ नकोस म्हणून सांगितलं होतं. बाहेर पत्रकं वाटायची आणि घरात मुकाट राहायचं, असं माझं तेव्हा चाललं होतं. भांडण नको म्हणून. सणाचे दिवस आहेत म्हणून.

आई लाल साडी नेसून घटासमोर उभी राहिली. मंगळवारचा रंग लाल. "फोटो काढ," म्हणाली. "तिथूनच काढ, लांबून. ग्रुपवर टाकायचाय." तिच्या गिऱ्हाईक बायकांचा ग्रुप आहे. मी फोटो काढला. आई हसतेय, दोन्ही बाजूंनी सारखी.

मग ती घटावर त्या दिवसाची माळ चढवायला वळली आणि माळ तिच्या डाव्या हातातून सुटून खाली पडली.

"आई, माळ पडली."

"कुठे पडली? धरलीय की."

तिचा डावा हात रिकामा, लोंबकळत होता. ती उजव्या हातानं हवेत काहीतरी बांधत होती. मग ती भिंतीला टेकली आणि तिरकी घसरत खाली बसली. मी पुढे धावले.

"शिवू नको," आई म्हणाली. शब्द जड झाले होते, पण कळत होते.

आणि मी थांबले. चार-पाच सेकंदच थांबले असेन. आयुष्यात मी बऱ्याच सभांमध्ये मोठमोठ्यानं बोललेय, पण या चार-पाच सेकंदांबद्दल आजपर्यंत कुठे बोलले नव्हते. नंतर तिला धरलं.

तिच्या तोंडाची डावी बाजू खाली ओघळली होती. मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, उपवास. सहा दिवस ती दूध आणि दोन केळी यांवर होती आणि रोज मशीनवर बसत होती. समोरच्या फ्लॅटमधली आंटी आवाज ऐकून आली, तिलाही तेच वाटलं.

"अरे भाभी, व्रत में इतना काम कौन करता है? बीपी लो हो गया होगा. नींबू पानी दे, वो व्रतवाला नमक डाल के."

मी लिंबू पिळलं, सैंधव घातलं, पेला तिच्या तोंडाला लावला. सरबत डाव्या कोपऱ्यातून गळायला लागलं. मी फडकं आणून पुसलं. सरबत का गळतंय, हा प्रश्न मला पडला नाही. मी फक्त पुसलं. आंटी तिच्या मुलीच्या स्कूलबससाठी खाली गेली.

मी बाबांना फोन लावला. बाबा काशीमीऱ्याला एका गोडाऊनमध्ये स्टोअरकीपर आहेत, सहाला घर सोडतात. मागे ट्रक रिव्हर्स घेत होता, त्याचा आवाज येत होता.

"चक्कर आली असेल," बाबा म्हणाले.

"तोंड वाकडं झालंय बाबा. डावा हात उचलत नाहीये."

बाबा ट्रकपासून लांब आले. मग म्हणाले, "डॉक्टरकडे ने. पण घटाचं काय? घर बंद करून जाऊ नको. तू तर दिव्याकडे बसू शकत नाहीस. मावशीला बोलाव, ती आली की निघ."

आई जमिनीवरूनच म्हणाली, "मला काय धाड भरलीय? मी कुठ्ठे जाणार नाही. दिवा सोडून नाही."

मी मावशीला फोन केला. मावशी भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये राहते. तिच्याही घरी घट. "माझी माळ बांधते, सुनेला बसवते आणि निघते," ती म्हणाली. "तोवर तिला आडवी कर, कांदा फोडून नाकाशी धर." मी कांदा फोडला. आई आडवी. आमच्या दोघींमध्ये फोडलेला कांदा, आणि मावशीला अजून रिक्षा मिळालेली नाही.

आठ वाजून दहा मिनिटांनी आंटी पुन्हा डोकावली. "अभी तक इधर ही हो?"

मी तिला सांगितलं, मावशीची वाट बघतेय. घरात घट आहेत, दिव्याजवळ कुणीतरी बसायला हवं, मी बसू शकत नाही.

आंटीनं माझ्याकडे पाहिलं. ती जैन आहे, आमचे घट तिचे नव्हेत. "दिया ही देखना है ना? तेल डालना है, बुझना नहीं चाहिए. मैं बैठती हूँ. इसमें क्या है? तू जा, पागल."

बास. दोन मिनिटांत प्रश्न सुटला. दिव्याजवळ बसणारं माणूस तासभर समोरच्याच दारापलीकडे होतं आणि मी ते दार वाजवलं नव्हतं. वॉचमनला बोलावलं, आईला खुर्चीत बसवून खाली आणलं, रिक्षात घातलं. माझा तास संपला. आता त्यांचे तास.

सगळ्यात जवळचं हॉस्पिटल मी निवडलं, कारण त्याच्या दारावरचा बोर्ड मी रोज जाता-येता बघायचे. निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत: चोवीस तास स्ट्रोक सेवा, सीटी स्कॅन उपलब्ध. आम्ही आठ पंचवीसला तिथे पोचलो. ड्यूटीवरच्या डॉक्टरनं आईची शुगर बघितली, नॉर्मल होती. "उपवास?" त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. "नवरात्रात रोज अशा दोन-चार येतात," तो म्हणाला आणि सलाईन लावायला सांगितलं.

"डॉक्टर, तिचा हात बघा ना."

तो परत वळला. "काकू, दोन्ही हात वर करा."

आईनं उजवा हात वर केला. डावा चादरीवर पडलेला.

"दुसरा?"

"केले ना दोन्ही वर," आई चिडून म्हणाली. "किती वेळ धरून ठेवू?"

त्या डॉक्टरचा चेहरा तेव्हा बदलला. मेंदूच्या उजव्या भागाला मार बसला की माणसाला आपलं डावं अंग गेलंय हेच कळत नाही, हे मला खूप नंतर समजलं. आई खोटं बोलत नव्हती. तिच्यापुरता तो हात वर होता. "मला काही झालं नाही" हेच तिच्या दुखण्याचं लक्षण होतं, आणि आम्ही ते तिचं म्हणणं समजून तासभर ऐकत बसलो होतो.

"स्कॅन करू लगेच," डॉक्टर म्हणाला.

लगेच म्हणजे काय, ते पुढचे दोन तास मी शिकले. स्कॅनची खोली बंद होती. सिस्टर म्हणाली, येतील. काऊंटरवरची मुलगी म्हणाली, निघालेत. मशीन चालवणारा माणूस दोन ठिकाणी काम करायचा आणि त्या वेळी दुसऱ्या ठिकाणी होता. बाबा नऊच्या आसपास बाईकवरून आले, हेल्मेट हातातच. त्यांनीही विचारलं. त्यांनाही सांगितलं, होतंय. मी ओरडले तेव्हा एक माणूस आला, "मॅडम, इथे सायलेन्स झोन आहे" म्हणून गेला. साडेदहा वाजता त्याच डॉक्टरनं आम्हाला बाजूला घेऊन खाली मान घालून सांगितलं, "तुम्ही पुढे न्या. इथे थांबू नका. मी तुम्हाला हे आधीच सांगायला हवं होतं."

त्याला दोन तासांनी का होईना सांगावंसं वाटलं. बोर्ड लावणाऱ्याला अजून वाटलेलं नाही.

ॲम्ब्युलन्समध्ये चढताना तिथल्या वॉर्डबॉय मामांनी बाबांच्या कानाशी काहीतरी सांगितलं. ते मला पुढे कळलं. मामा म्हणाले होते, "साडेचार तासांच्या आत असेल तरच ते गुठळी विरघळायचं इंजेक्शन देतात. वेळ थोडी अलीकडची सांगा. सगळे तसंच सांगतात."

काशीमीऱ्याच्या नाक्यावर ट्रकांची रांग लागली होती. सायरन चालू, पण सरकायला जागा नाही. ड्रायव्हर खाली उतरला आणि एकेका ट्रकवाल्याला हात जोडून बाजूला काढू लागला. मी आईचा डावा हात धरून बसले होते. तो हात ऊबदार होता, वजनदार होता, आणि मी दाबला तरी दाबत नव्हता. आईनं विचारलं, "हा कुणाचा हात आहे?"

अकरा दहाला दुसरं हॉस्पिटल. तिथे एक तरुण डॉक्टर बाई धावतच आली. स्ट्रेचर हलत असतानाच तिनं विचारलं, "शेवटच्या व्यवस्थित कधी होत्या? नेमकी वेळ सांगा."

"नऊ," बाबा म्हणाले. "नऊ वाजता झालं."

मी बाबांकडे बघितलं. बाबा माझ्याकडे बघत नव्हते.

साडेचार तासांची मुदत पहिल्या हॉस्पिटलात माझ्याही कानावर आली होती, म्हणून बाबांचा हिशेब मला एका क्षणात कळला. सात दहा म्हटलं तर साडेचार तासांत फक्त अर्धा तास उरला होता. नऊ म्हटलं तर जवळजवळ अडीच तास मिळत होते. आईचा डावा हात, डावा पाय त्या दोन आकड्यांच्या मधे होते. आणि मला माहीत नव्हतं की कुठल्या आकड्यानं ते परत मिळतील.

"सात दहा," मी म्हटलं.

डॉक्टर थांबली. "घरी कोण होतं?"

"मी."

"कशावरून सात दहा?"

मी फोन काढून फोटो दाखवला. सात वाजून आठ मिनिटं. लाल साडी, घट, सरळ हसू. तिनं फोटो मोठा करून आईचं तोंड बघितलं, मग स्ट्रेचरवरचं तोंड बघितलं. "सात आठला नॉर्मल," ती पळता पळता मागे ओरडली. "स्कॅन रिकामं करा."

ते मशीन चालू होतं आणि त्याच्यासमोर माणूस बसलेला होता. दहा मिनिटांत चित्र आलं. ती आम्हाला स्क्रीनसमोर घेऊन गेली. आईच्या मेंदूची एक बाजू राखाडी होती आणि दुसऱ्या बाजूचा मोठा भाग काळपट पडायला लागला होता.

"एवढा भाग आधीच गेलाय," ती म्हणाली. "आता इंजेक्शन दिलं तर या भागात रक्त उतरेल. जांघेतून नळी घालून गुठळी ओढून काढता येते, पण तीही एवढं गेल्यावर नको, असं आमच्या सरांचंही मत आहे. तासभर, दीड तास आधी आला असतात तर मी वेगळं बोलले असते."

अकरा बत्तीस.

बाहेर कॉरिडॉरमध्ये बाबा हळू आवाजात म्हणाले, "तुला काय गरज होती?"

"बाबा, तिनं स्कॅन बघून सांगितलं."

"स्कॅन नंतर बघितलं. आधी तू बोललीस." मग थोड्या वेळानं म्हणाले, "खरं बोलायची हौस फार तुला. पत्रकात लिही आता."

साडेबाराला मावशी आली. घामानं भिजलेली, हातात पिशवी. बाबांनी विचारलं, "घरी कोण आहे?"

"कुणी नाही. त्या समोरच्या बाईला तिच्या कामाला जायचं होतं."

"मग घर?"

"कुलूप घातलं," मावशी म्हणाली.

 ज्या कुलपासाठी आम्ही एक तास घालवला ते कुलूप दुपारी साडेबारा वाजता दाराला लागलेलं होतं, आणि जगात कुठेही काही कोसळलं नव्हतं. जे कोसळायचं ते आधीच आत, काचेपलीकडे झोपलेलं होतं.

बुधवारी दुपारी आईला हाक मारली तर डोळे उघडेनात. मेंदूला सूज आली होती. सर्जननं आम्हाला बसवून घेतलं. पन्नाशीतला माणूस, कागदावर पेनानं गोल काढून बोलणारा.

"कवटी म्हणजे बंद डबा. आत मेंदू सुजला तर जायला जागा नाही. मग तो चांगल्या बाजूला दाबतो, खाली दाबतो, श्वासाची जागा दबते. म्हणून उजव्या बाजूचं हाड काढायचं. तळहाताएवढं, थोडं मोठंच. सूज बाहेरच्या बाजूला येऊ द्यायची."

"हाड काढून कुठे ठेवणार?" मावशीनं विचारलं.

"त्यांच्याच पोटाच्या कातडीखाली. तिथे सुरक्षित राहतं. सूज उतरली की काही महिन्यांनी परत बसवू."

"आणि हात येईल?" बाबांनी विचारलं.

"ही सर्जरी हातासाठी नाही. हात, पाय, जे गेलं ते याने येणार नाही. ही जिवासाठी आहे. करायची तर आज करायची. उद्या फायदा कमी."

"नाही केली तर?"

"तर बहुतेक दोन-तीन दिवस."

"केली तर?"

"घरी येतील. काठी घेऊन चालतील, मला वाटतं. बोलतील, कारण बोलण्याची जागा डाव्या बाजूला आहे, ती शाबूत आहे. डावा हात कामाचा धरू नका. पन्नाशीच्या आतबाहेरचे पेशंट यातून बाहेर येतात. सगळे नाही. आणि जे येतात तेही आधीसारखे येत नाहीत. हे मी सही करायच्या आधी सांगतो, नंतर नाही."

फॉर्म बाबांसमोर होता. बाबांनी पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं. सुईत दोरा ओवणारी बाई, एका हातानं काय करणार, हे त्यांच्या डोक्यात चाललं होतं. माझ्याही चाललं होतं.

"तिला असं जगायला आवडेल?" बाबांनी विचारलं, कुणालाच नाही असं.

मावशी म्हणाली, "तिला विचारलं असतं तर म्हणाली असती, मला काय धाड भरलीय."

बाबा हसले नाहीत. मग माझ्याकडे वळले. "तू सांग. काल बोललीस ना."

मला काहीही माहीत नव्हतं. हा माणूस सांगतोय तसं होईल की नाही, होईल ते आईला चालेल की नाही, दोन वर्षांनी ती मला शिव्या घालेल की नाही. पत्रकात आम्ही नेहमी ठाम असतो. तिथे खुर्चीत बसून मला कळलं की ठाम असायला समोर कुणाचं डोकं नसावं लागतं.

"सही करा," मी म्हटलं.

बाबांनी सही केली. आईला आत नेलं तेव्हा तीन वाजले होते. सिस्टरनं तिच्या बांगड्या आणि मंगळसूत्र कागदात बांधून मावशीच्या हातात दिलं. जवळजवळ चार तासांनी सर्जन बाहेर आला आणि टोपी काढत म्हणाला, "व्हायचं तसं झालं. आता वाट बघायची." चार दिवस वाट बघितली. पाचव्या दिवशी आईनं डोळे उघडले. डोक्याला पांढरी पट्टी, पट्टीवर उजव्या बाजूला मार्करनं लिहिलेलं, नो बोन. म्हणजे इथे दाबू नका, इथे कुशीवर वळवू नका, इथे हाड नाही.

पंधरा दिवसांनी तिला सगळं सांगितलं. पोटावरची टाक्यांची रेघ बघून ती म्हणाली, "म्हणजे परत पोटुशी केलंत मला."

घरी आल्यावर काय झालं तेही लिहिते, कारण पेशंट वाचला म्हटलं की लोक टाळ्या वाजवून उठून जातात. आई ताटातली उजव्या बाजूची भाजी खायची आणि म्हणायची, आमटी दिलीच नाहीस. आमटीची वाटी डावीकडे असायची. मी ताट फिरवायचे. ती दारातून जाताना डावा खांदा चौकटीवर आपटायची, रोज. डावी मूठ मिटलेली, मी आणि फिजिओथेरपिस्ट मिळून एकेक बोट उघडायचो. डोक्याची उजवी बाजू आत गेलेली, खोकली की कातडी वर उचलली जायची, तेव्हा आंटी नजर दुसरीकडे वळवायची. काही महिन्यांनी हाड परत बसवलं. डोकं गोल झालं. मूठ तशीच राहिली. आता ती काठी घेऊन घरात फिरते, खालपर्यंत लिफ्टनं जाते. कापड सुईखाली सरकवायला डावा हात लागतो. मशीनवर मी बसते, ती बाजूला बसून म्हणते, "ती बाही आहे, पिशवी नाही."

एकदा तपासणीला गेलो असताना बाबांनी त्या तरुण डॉक्टर बाईला विचारलं. महिनोन्महिने पोटात ठेवलेला प्रश्न. "त्या दिवशी हिनं मधे तोंड घातलं नसतं आणि तुम्ही नऊ धरून चालला असतात, तर?"

ती म्हणाली, "स्कॅन मी बघितलंच असतं. पण घाईत, वेळ हातात आहे असं समजून, कदाचित दिलं असतं इंजेक्शन. आणि काका, त्या काळ्या भागात रक्त उतरलं असतं तर आज तुम्ही तिघं इथे बसला नसता."

येताना आई, बाबा आणि मी एकाच रिक्षात होतो. काशीमीऱ्याच्या सिग्नलला बाबा मला म्हणाले, "भूक लागलीय का तुला?" आमच्या घरात याला माफी म्हणतात.

मग मी त्या पहिल्या हॉस्पिटलात गेले. मॅनेजर भेटला, चहा मागवला.

"तुमच्या बोर्डवर चोवीस तास लिहिलंय," मी म्हटलं.

"मॅडम, मशीन चोवीस तास आहेच. ऑपरेटर ऑन कॉल असतो."

"कॉल केल्यावर दोन तासांत येतो?"

"ट्रॅफिक तुम्हाला माहितीये."

मी लेखी तक्रार दिली. लेखी उत्तर आलं. त्यात एक वाक्य होतं: रुग्णास नातेवाइकांनी घरातून उशिरा आणले. त्यांच्या केसपेपरवर माझ्याच तोंडची वेळ लिहिलेली होती, सात दहा, आणि दाखल केल्याची वेळ, आठ पंचवीस.

मी पत्रकाचा मसुदा लिहिला. माझ्या हातचा सगळ्यात धारदार मसुदा. त्यात बोर्ड होता, बंद खोली होती, दोन तास होते. पहिला तास नव्हता. सुरुवातच मी हॉस्पिटलच्या दारापासून केली होती. आईला वाचून दाखवला.

"दिव्याचं कुठाय?" आई म्हणाली.

"ते आपल्या घरातलं."

"त्यांच्याकडे लिहिलेलं आहे म्हणतेस ना? मग तू अर्धं छापलंस की ते उरलेलं अर्धं वाचून दाखवतील. आणि लोक म्हणतील, बघा, उपास-तापास करणाऱ्या अडाणी बायका." ती थांबली, डाव्या कोपऱ्यातून आलेली लाळ तिनं उजव्या हातानं पुसली. "देवीनं नाही सांगितलं थांबायला. मी सांगितलं. तू ऐकलंस. तसंच लिही."

"आणि माझी पाळी होती ते?"

आई घुटमळली. "ते नको. बाबा वाचतील."

"बाबांना माहीत आहे, आई. त्यांनीच फोनवर सांगितलं, तू बसू शकत नाहीस म्हणून."

आईनं उजव्या हातानं डावी मूठ उचलून मांडीवर ठेवली. "मग लिही," म्हणाली. "पण मोठ्या अक्षरात नको."

पत्रक सगळं लिहून छापलं. गेल्या नवरात्रात घट बसले तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसून तेल घातलं. आईनं पाहिलं आणि पाळीची चौकशी केली नाही. पण हे सगळं होऊनही तो निळा बोर्ड काल संध्याकाळी जागच्या जागी होता. मी स्वतः बघून आले. माझ्या तक्रारीला उत्तर आलंय, बोर्डाला काही झालेलं नाही, कारण तक्रार एका घराची आहे. एका घराला ते म्हणतात, तुम्ही उशीर केलात. खरंच आहे. आम्ही केला. पण त्यांनी आमच्याहून दुप्पट केला आणि पाटी लावून केला.

म्हणून आता तुम्ही. हे वाचून हळहळू नका, मला फोन करून आईची तब्येत विचारू नका. तुमच्या घरापासून सगळ्यात जवळ जे हॉस्पिटल आहे तिथे आज चालत जा. फोनवर विचारू नका, फोनवर सगळे हो म्हणतात. काऊंटरवर उभे राहा आणि विचारा: या मिनिटाला तुमच्या स्कॅनच्या मशीनसमोर माणूस बसलाय का, मला दाखवा. रात्री कोण बसतं आणि रविवारी कोण, ते सांगा. गुठळीचं इंजेक्शन इथे मिळतं का, नसेल तर पेशंटला पहिल्या दहा मिनिटांत कुठे पाठवता? उत्तर तोंडी घेऊ नका. सही-शिक्क्यासकट लिहून घ्या. देत नसतील तर दिलं नाही असं तुम्ही स्वतः लिहा, वेळ टाका, आणि तो कागद आज रात्री झोपायच्या आधी तुमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डवर लावा.